पहिल्यांदाच घर बंद करून बेटावर जायचंय, अंदमान की मालदीव? (सासूबाई + २ मुलं, बजेट २ लाख)

गुहागरची_वहिनी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, हसू नका. आम्ही राहतो गुहागरला, घरापासून समुद्र चालत चार मिनिटं, आणि सुट्टीला जायचंय ते पण समुद्रावरच 😄

कारण सांगते. आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, अकरा वर्षं झाली. दिवाळी, नाताळ, मे महिना, जोडून आलेला प्रत्येक शनिवार-रविवार आमचा लोकांना मोदक वाढण्यात आणि "गीझरला पाणी गरम येत नाहीये" ऐकण्यात गेलाय. लग्नाला चौदा वर्षं झाली पण लग्नकार्य आणि नरसोबाची वाडी सोडली तर आम्ही सगळे मिळून कुठे राहायला गेलेलो नाही. परवा धाकटा (वय ५) शाळेचं दप्तर ओढत ओढत पडवीतून आत आला, मला म्हणाला चेक-इन करायचंय, आणि वायफायचा पासवर्ड द्या. मग खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसता पलंगावर पाय हलवत बसला. खेळत होता हो, पण मला कसंतरीच झालं.

तर ठरवलंय की या वर्षी जायचंच. डोंगर नको, थंडी सासूबाईंना सोसत नाही. त्यांना आणि मुलांना पाणीच आवडतं पण जिथे आम्हाला काही करावं लागणार नाही असं पाणी. वेळ फक्त २६ जानेवारीची गर्दी ओसरल्यापासून शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात मोकळे असतो पण तेव्हा सगळीकडेच पाऊस.

माणसं पाच. आम्ही दोघं, मुलगी ११, मुलगा ५, सासूबाई ६८, गुडघे दुखतात, सोमवार-शनिवार शाकाहारी. मुलाला गाडी लागते. पासपोर्ट फक्त ह्यांच्याकडे आहे. एजंटने अंदमानचं ५ रात्री ६ दिवसांचं पॅकेज दिलंय त्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बारातांग सगळं आहे. घेऊ का? की मालदीव? की अजून काही? सात दिवसांच्या वर घर बंद ठेवता येणार नाही, गाय आहे.

मालवणी_खाजा

गो बाय, दारातलो समुद्र काय आटलो? तारकर्लेक ये, पाण्याखाली पण उतरवतंय तुका 😂

मस्करी बाजूला. आमचं पण तसंच आहे, बोट आहे, सीझनला रोज सहा फेऱ्या मारतो आणि घरातल्यांना सिंधुदुर्ग किल्ला शेवटचा कधी दाखवला ते आठवत नाही. जाऊन या बिनधास्त. पण एक अट, तिकडच्या हॉटेलवाल्याला "आमच्याकडे मासळी यापेक्षा ताजी मिळते" हे सांगायचं नाही. मी गोव्यात सांगून बसलो, बायको दोन दिवस बोलली नाही.

पासपोर्टवाला

मालदीवला दोनदा जाऊन आलोय म्हणून सांगतो, या बजेटमध्ये पाच जणांना जमेल, पण फोटोत बघता ते मालदीव नाही जमणार.

आपल्याला व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाआधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तेवढाच. इथपर्यंत स्वस्त. पुढे काय होतं, वेबसाइटवर जो आकडा दिसतो तो डॉलरमध्ये असतो आणि त्याच्या पुढे दोन अधिकची चिन्हं असतात, ती नीट बघा. एक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि दुसरं १७ टक्के टॅक्स. वर ग्रीन टॅक्स माणशी रोज १२ डॉलर, लहान गेस्टहाउसला ६. पाच माणसं, पाच रात्री, रिसॉर्टला नुसता हाच कर ३०० डॉलर झाला बघा. त्यात माले विमानतळावरून बेटावर जायची स्पीडबोट किंवा सी-प्लेन वेगळी. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर रात्र मालेत काढा.

स्वस्तात करायचं तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहतात, चांगलं असतं, पण मग ते बरंचसं तुमच्या गुहागरसारखंच हो, गाव, मशीद, दुकान, मच्छीमार. पाणी निळं, वाळू पांढरी एवढा फरक. आणि चार पासपोर्ट काढायचेत ते वेगळंच, दोन मुलांचे आणि सासूबाईंच्या जन्मतारखेचा कागद शोधण्यापासून सुरुवात. पहिल्या ट्रिपला हा खटाटोप नको असं माझं मत.

डोंबिवली_व्हाया_राजापूर

वहिनी ते पॅकेज घेऊ नका. आम्ही अगदी हेच घेतलं होतं, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, आई (७१) आणि दोन मुलं सोबत. आता मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

बारातांग म्हणजे काय हे एजंट सांगत नाही. तिकडे जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या पोलिसांच्या ताफ्यातच सोडतात, म्हणून पहाटे तीन-साडेतीनला उठून निघायचं आणि जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अंधारात बसायचं. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि तो नियम योग्यच आहे, ती माणसं आहेत प्राणिसंग्रहालय नाही. पुढे होडी, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत उन्हात चालत. आई परत आली ती जेवलीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉकची बोट. त्या सहा दिवसांत आम्ही चार वेळा बॅगा भरल्या. सुट्टी कसली, बदली झाल्यासारखं वाटत होतं.

परत गेलो तर असं करीन (आणि जाणार आहेच): दोन रात्री पोर्ट ब्लेअर, तीन किंवा चार रात्री हॅवलॉक, संपलं. नील सुंदर आहे पण सोडा. नावांचा घोळ सांगून ठेवतो, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, २०१८ ला बदललं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं. बुकिंग करताना कुठे जुनं दिसेल कुठे नवं, घाबरू नका, तुम्ही बरोबर ठिकाणी जाताय.

सगळ्यात महत्त्वाचं, हॅवलॉकहून परत यायची बोट आणि घरी यायचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. हे एजंटने आम्हाला सांगितलं नव्हतं, आमची बोट सकाळची होती म्हणून वाचलो, आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब नाही वाचलं.

आता सेल्युलर जेल. तुमच्या सासूबाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या, त्यांना हे दाखवाच. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, दोन जन्मठेपा म्हणजे ५० वर्षांची शिक्षा, आणि नंतर १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध. आईने लहानपणी सावरकरांच्या प्रेरणेने झालेलं पतितपावन मंदिर शंभरदा बघितलेलं, त्यामुळे तिच्यासाठी ती गोष्ट रत्नागिरीपासून सुरू व्हायची, इथे तिला आधीचा अर्धा भाग दिसला. कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. जिने दगडी, लिफ्ट नाही. आई एकेक पायरी बसत बसत चढली, ऐकलंच नाही कोणाचं. आत गेली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली "आपल्या न्हाणीएवढी आहे रे." बाकी काही बोलली नाही. खाली तो कोलू ठेवलाय तेल गाळायचा, मुलाने विचारलं बैल कुठाय, मग त्याला समजावून सांगावं लागलं की बैल नव्हताच. जेलच्या मूळ सात पाकळ्यांपैकी (लांबट इमारतींपैकी) आता तीनच उभ्या आहेत. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो बसून बघायचा असतो, गुडघ्यांना बरा. सासूबाई जिने चढू शकणार नसतील तर अंगणात बसून राहिल्या तरी चालेल, पण एकट्या सोडू नका, रडतात लोक तिथे.

रॉस बेटावर (त्याचं पण नाव बदललंय, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बॅटरीची गाडी मिळते, म्हाताऱ्या माणसांना त्यात फिरवा. पडक्या इंग्रजी इमारतींवर झाडांची मुळं चढलीत आणि हरणं अंगाशी येतात, आईला जेलनंतर सगळ्यात जास्त तेच आवडलं.

खर्च: आम्हाला विमान माणशी येऊन-जाऊन २२ हजार पडलं मुंबईहून, म्हणजे तुमचं निम्मं बजेट तिथेच जातं हे धरून चाला. तिकीट काढायला उशीर करू नका. खासगी बोट माणशी एका बाजूला दीड-दोन हजारांच्या आसपास. सरकारी बोट बरीच स्वस्त पण हळू, आणि तिकीट मिळालं तर मिळालं. हॅवलॉकला एटीएम मोजकीच, रोख घेऊन जा.

गुहागरची_वहिनी

बापरे, किती छान लिहिलंत. न्हाणीचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी चढणार, तुम्ही बघाच.

दोन शंका. मुलाला बोट लागेल का? आमच्या धोपावे-दाभोळ फेरीबोटीत त्याला काही होत नाही, उलट गाडीत बसायलाच तयार नसतो, रेलिंगला चिकटून उभा असतो. आणि हॅवलॉकला "बीचफ्रंट" लिहिलेली बरीच दिसतात, त्यातलं कुठलं घ्यावं? आमच्याकडे पण लोक "बीचफ्रंट" लिहितात आणि मध्ये सुपारीची वाडी, शेजाऱ्याचा गोठा आणि डांबरी रस्ता असतो, म्हणून विचारते 😅

खाडीपल्याड

मी दाभोळचा, पस्तीस वर्षं बोटीवर नोकरी केली, आता घरी. पोर्ट ब्लेअरला कितीदा गेलोय मोजलं नाही.

धोपावे-दाभोळ धरू नका हो, ती दहा मिनिटांची खाडी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक ४० किलोमीटरच्या आसपास उघडं पाणी आहे, खासगी बोटीला दीड ते अडीच तास लागतात आणि काही बोटी बंद एसी डब्यासारख्या असतात, बाहेर उभं राहता येत नाही. पोराला डॉक्टरला विचारून उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, सुरू झाल्यावर देऊन काही उपयोग नाही. पोट रिकामंही नको आणि वडे-सांबार भरलेलंही नको, दोन बिस्किटं पुरे. जागा मधली नाहीतर मागची घ्या, पुढच्या टोकाला बोट जास्त आपटते. मोबाइल द्यायचा नाही, खिडकीतून लांबची क्षितिजाची रेघ बघायला सांगायचं. आलेपाक जवळ ठेवा, माझी आई द्यायची, लागू पडतो की नाही देव जाणे पण तोंड बंद राहतं. फेब्रुवारीत समुद्र साधारण शांत असतो, हे तुमचं नशीब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, आणि मे संपता संपता मान्सून आधी तिथेच येतो मग केरळ मग आपण, तेव्हा तुम्ही निवडलेला महिना उत्तम.

बीचफ्रंटचं विचारलंत ते बरं केलंत. हॅवलॉकला राहायची बरीचशी ठिकाणं पूर्वेच्या अंगाला आहेत, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला. किनारा समोर आहे हे खरं, पण सुकतीला (ओहोटीला) पाणी लांब जातं आणि मागे दगड, पोवळ्यांचे तुकडे, चिखल उघडा पडतो. फोटो सगळे भरतीचे असतात. पोहायचा किनारा म्हणजे राधानगर, पश्चिमेला, तो वेगळा, तिथे गाडी करून जावं लागतं. टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम म्हटलेला तोच. सुंदर आहे, लाटा मात्र येतात, आणि जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा बाहेर यायचं. एका टोकाला खाजणासारखा भाग आहे, तिकडे मगरीच्या सूचनेचा बोर्ड आहे, तो मस्करीत लावलेला नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत त्या, माणूस गेलाय तिथे. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

अजून एक. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे लावू नका. तिथलं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघा, हॉटेलवाल्याला पण माहीत असतं. पुनव-अवसेच्या उधाणात किनारा सगळ्यात जास्त सुकतो, दिवस निवडता आला तर अधेमधे भांगात (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) जा.

आणि अंधार! घड्याळ आपलंच पण बेटं आपल्यापेक्षा वीस अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो आणि मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य बुडालेला असतो. गुहागरसारखं पाचला चहा घेऊन निवांत समुद्रावर निघालात तर काळोख बघून परत याल. राधानगरला दुपारी तीन-साडेतीनलाच पोचा.

डोंबिवली_व्हाया_राजापूर

खाडीपल्याड काका, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर! पहिल्या दिवशी साडेपाचला राधानगरला पोचलो, फोटोत आम्ही सगळे काळे ठिपके आहोत. आणि सुकतीला आमच्या "बीचफ्रंट"समोर पोरं अर्धा तास चालत गेली तरी पाणी गुडघ्याला. राजापूरच्या खाडीत वाढलेला माणूस मी, आणि बुकिंगच्या वेळी ओहोटीचा विचार डोक्यात आला नाही. बायको अजून काढते ते.

सुट्टीतले_गुरुजी

कोणी लक्षद्वीप म्हणालं नाही म्हणून लिहितो. पाणी तिथलं अंदमानपेक्षा शांत, सरोवरासारखं, लहान मुलांना मस्त. पण भारतीयांनाही परमिट लागतं, वस्तीची बेटं फक्त १०, विमान अगत्तीला उतरतं किंवा कोचीहून बोट. राहायच्या जागा कमी, ऐनवेळी काही मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लहान होडीत चढ-उतार पुष्कळ. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला करा.

मुलगी ११ ची आहे ना, तिला स्कूबा करता येईल, १० पूर्ण लागतात. धाकट्याला काचेच्या तळाची बोट. फक्त पाण्याखाली गेल्यानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. आणि शंख-शिंपले-पोवळं काही उचलून आणू नका, विमानतळावर बॅगा तपासतात, बरेच शंख कायद्याने संरक्षित आहेत. मुलांना हे आधी सांगा, तिथे जाऊन सांगितलं की रडारड.

मालवणी_खाजा

स्कूबा तारकर्लेकच कर गो चेडवाक, सवलत देतंय 😜

गुहागरची_वहिनी

खाजाभाऊ, मुलीने तुमचं वाचलं, ती म्हणते दोन्हीकडे करणार. आता तुमचं तुम्ही बघा.

बरं, ठरलं. पॅकेज नाही म्हणून सांगितलं, एजंट म्हणाला "बारातांग नाही बघितलं तर अंदमान काय बघितलं." सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनी फोन घेऊन सांगितलं की आम्ही बघायला नाही चाललो, बसायला चाललोय.

पहिली रात्र दादरला नणंदेकडे, मग पहाटेचं विमान चेन्नईवरून. पोर्ट ब्लेअर १, हॅवलॉक ३, परत पोर्ट ब्लेअर १. जेल पहिल्याच दिवशी, सासूबाईंच्या पायात ताकद आहे तोवर. तारखा काकांनी सांगितल्या तशा पुनव-अवस टाळून बघितल्या, कॅलेंडर घेऊन ह्यांच्याशी तासभर भांडण झालं कारण त्यातला एक शनिवार बुकिंगचा होता. तो सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा बुकिंगला नाही म्हटलं, फोन ठेवल्यावर हात थरथरत होते माझे, खरंच.

हॅवलॉकला राधानगरच्या बाजूची राहायची जागा आमच्या खिशाबाहेर आहे. पूर्वेकडचीच एक साधी घेतली, मालकाला फोन करून सरळ विचारलं की ओहोटीला समोर काय दिसतं. तो जरा थांबला आणि म्हणाला "मॅडम, दगड." त्याच्याचकडे बुकिंग केलं.

सासूबाईंनी आत्ताच आमसुलं, मेतकूट आणि भाजणी बॅगेत टाकलीय, म्हणे तिथे थालीपीठ लावून देईन सगळ्यांना. मी बॅगेतून भाजणी काढते, त्या परत घालतात, असं तीनदा झालंय. जाईपर्यंत कोण जिंकतं बघू. गाय शेजारच्या काकूंकडे.

पासपोर्टवाला

मस्त! वहिनी, फेब्रुवारीत आम्ही चौघं गुहागरला यायचं म्हणतोय, तुमच्याकडे दोन खोल्या मिळतील का?

गुहागरची_वहिनी

कधी? दुसरा आठवडा असेल तर नाही. धाकट्याने खडूने पाटी लिहून गेटला लावलीय पण, अजून वेळ असताना. "घरचे पाहुणे गेलेत. बंद."

तिसऱ्या आठवड्यात या, गीझर नवीन बसवलाय.